मदत हवी आहे: जुन्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय, रॅक बदलायचा का?

गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, टायर १६५/८० आर १४. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे, आणि नाव लिहिलं की धागा मायलेजवर घसरतो.

रोज कोल्हापूर-कागल हायवेनं जाणं-येणं. सुट्टीत कधी पन्हाळा, कधी गगनबावडा.

ताशी ७५ पर्यंत काही नाही. तिथून ९५ पर्यंत स्टिअरिंग डावी-उजवीकडं असं थरथरतं की बोटातली अंगठी त्यावर टिकटिक वाजते. १०० गाठलं की बरंच कमी होतं. सीटमध्ये फारसं जाणवत नाही. पन्हाळा उतरताना ब्रेक दाबला की थरथर वाढते आणि पेडलही पायाखाली धडधडतं. खाली वाघबीळला थांबले तेव्हा पुढच्या डाव्या चाकापाशी जळका वास येत होता. गाडी किंचित डावीकडं ओढते. शिवाय स्पीडब्रेकरवर त्याच बाजूनं एक ‘टक’.

झालेली कामं: अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग (परत परत), पुढचे दोन टायर नवे, दोन्ही लोअर आर्म नवे. फरक शून्य. आता एक गॅरेजवाले म्हणतात रॅकच (स्टिअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) गेलाय, आणि रक्कम पाच आकडी सांगतात. दुसरे म्हणतात, “ताई, आता विकून टाका.” हप्ते फिटलेली गाडी विकून नव्यानं हप्ते सुरू करायची मला अजिबात हौस नाही.

रॅकवर पैसे घालण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

प्रतिसाद:
सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम सुरू झाल्यापासून आमची नवी गाडीपण थरथरतीया ताई. रॅक रस्त्याचाच बदलायला पाहिजे!

प्रतिसाद:
चेष्टा राहू द्या, प्रश्न नीट मांडलाय.

रॅकला आत्ता हात लावू नका. रॅक खराब झाला तर खड्ड्यात खडखड होते, स्टिअरिंग मधोमध असताना मोकळा प्ले (ढिलेपणा) लागतो, किंवा रॅकच्या टोकांचे रबरी बूट तेलकट होतात. तो ७५ला जागा होऊन १००ला झोपत नाही. ठराविक वेगाला येणारी आणि पुढं कमी होणारी थरथर बहुतेक वेळा फिरणाऱ्या वस्तूची असते: टायर, रिम, ब्रेकची डिस्क, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा). तुमच्या मापाचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातं, म्हणजे ८०च्या वेगाला सेकंदाला ११ फेरे. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असला तरी त्या वेगाला तो जवळजवळ तीन किलोचा हिसका देतो, तोही दर फेऱ्याला. मग त्या लयीत सस्पेन्शन साथ देतं आणि सगळं तुमच्या हातात येतं.

सकाळी लवकर मोकळ्या, सपाट रस्त्यावर ९०ला गाडी न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा, बंद केलंत तर स्टिअरिंग जड होईल आणि ब्रेकची साथही जाईल. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनचा किंवा त्याच्या माउंटिंगचा नाही. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बघायचा.

त्यानंतर पुढची चाकं मागं, मागची पुढं. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर चाकात दोष. हातातच राहिली तर डिस्क, हब किंवा जॉइंट.

प्रतिसाद:
वरच्यांचं बरोबर आहे, पण मी आधी त्या जळक्या वासाकडं बघेन. ओढणं डावीकडं, वास डावीकडं, आणि ब्रेक दाबला की धडधड. हे तिन्ही एकाच जागी बोट दाखवतात. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली की ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. डिस्क तापते, तिची जाडी सगळीकडं सारखी राहत नाही, आणि पेडल धडधडायला लागतं. आपल्याकडच्या पावसात चार-पाच वर्षं पिना कुणी उघडल्याच नाहीत तर हे होणारच.

घरून कागलला शक्यतो ब्रेक न लावता जा. उतरल्यावर दोन्ही पुढच्या चाकांवर पाण्याचे थेंब टाका. डावीकडं चुर्र झालं आणि उजवीकडं नाही, तर उत्तर मिळालं. हात लावू नका, पोळतो.

‘टक’ बहुधा वेगळं दुखणं आहे. लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी दांडी) किंवा टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडं जाणाऱ्या दांडीचं टोक). चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड देऊनच, ९ आणि ३ वाजताच्या जागी धरून हलवा. तिथं प्ले म्हणजे टाय रॉडची बाजू. १२ आणि ६ला प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

धागाकर्ती:
न्यूट्रलमध्ये थरथर तशीच होती. कागलला उतरून पाणी टाकलं तर डावीकडं थेंब नाचत उडाले, उजवीकडं नुसते ओघळले.

उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी चाक काढून आधी हातानं डिस्क फिरवली, जड होती. मग कॅलिपर सोडवला. खालची पिन निघेना, शेवटी हळूहळू ठोकून काढली, तेव्हा ती पूर्ण तांबूस झालेली. आतला पॅड संपत आलेला, बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. डायल गेज (बारीक डगमग मोजणारं काट्याचं मापक) लावला तर काटा डिस्कच्या एका फेऱ्यात ०.१५ मिलिमीटरच्या वर हलला. ०.१च्या आसपास चालतं म्हणाले. डिस्कवर छापलेल्या किमान जाडीपेक्षा ती अजून जाड होती, म्हणून लेथवर घासून घेतली. पिना आणि पॅड नवे. पिनांना ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं. साध्या ग्रीसनं रबर फुगतं म्हणे. डावा लिंक रॉडही सैल होता, तोही बदलला. रॅकचे बूट त्यांनी दाबून बघितले, कोरडे ठणठणीत.

आता ब्रेकची धडधड गेली, वास गेला, ओढणं गेलं, ‘टक’ही गेलं. पण ८०-९०ला बारीक थरथर अजून आहे. चाकं पुढं-मागं करून बघितली, तर ती स्टिअरिंगमधून गेली आणि आता सीट गुदगुल्या करते. बॅलन्सिंग मशीनवर मात्र चारही चाकं शून्य दाखवतात. हे कसं काय?

प्रतिसाद:
मशीन वजन बघतं, गोलाई नाही. वाकडी रिमही वजनं चिकटवून शून्यावर आणता येते. खड्ड्यात रिमची आतली कड दबते आणि चाक गाडीवर असताना ती दिसत नाही. मागची दोन्ही चाकं एकेक करून उचला, रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरा आणि चाक हातानं सावकाश फिरवा. खडू एका जागी घासला आणि दुसऱ्या जागी सुटला तर तीच रिम. टायरचा फुगवटाही तसाच बघून घ्या, आणि बाजूवरच्या चार अंकांवरून त्याचं वय. ३४१६ म्हणजे २०१६चा ३४वा आठवडा. नवा टायर तुम्ही पुढं टाकलात, आधी मागं असलेले किती जुने ते लिहिलेलं नाही.

रिम वाकडी निघाली तर ठोकून सरळ करण्यात फार पैसे घालू नका, लोखंडी रिम फार महाग नसते. तोवर स्टेपनी चांगली असेल तर ती तिथं चढवा आणि वाकडी डिकीत टाका. चढवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून घ्या, नाहीतर चाक नीट टेकत नाही आणि थरथर परत येते. नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा. नट आवळायच्या गनवर विसंबू नका, शेवटचा पीळ हातपान्यानंच.