केमोच्या फाइलमध्ये बाबांचा त्रास लिहिलाच जात नाही, काय करू?

निशिगंध: बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि मधे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. घरी बोटांना सारख्या मुंग्या, फ्रिजमधली बाटली धरली की करंट बसल्यासारखं होतं, शर्टाची बटणं हल्ली आईच लावून देते. पण ओपीडीत डॉक्टरांनी "काय काका, कसं काय?" विचारलं की हे म्हणणार "एकदम मस्त", आणि मी मधे बोलले की डोळे वटारतात. काल फाइल बघितली तर "नो फ्रेश कम्प्लेंट्स". त्रास सांगितला तर केमो बंद करतील ही भीती बसलीय त्यांच्या मनात. डॉक्टरांना गुपचूप वेगळं भेटू का?

डेकेअरसिस्टर: ताई, भेटाच, आणि बटणांचं आवर्जून सांगा. "मुंग्या येतात" एवढंच सांगितलं की बहुतेक वेळा ग्रेड १ पडते. सीटीसीएई म्हणून दुष्परिणाम किती तीव्र ते मोजायचा तक्ता असतो, त्यात १ ते ५ ग्रेड. खरेदी, स्वयंपाक, फोन लावणं अशी कामं अडायला लागली की २, आणि कपडे घालणं, जेवणं, अंघोळ ही स्वतःची कामं अडली की ३. बाबांची बटणं कुठे बसतात बघा! डोस कमी करायचा की औषध थांबवायचं हे त्या आकड्यावर ठरतं. आमच्याकडे गर्दीत सिस्टर विचारते "उलटी, जुलाब, ताप?" आणि पुढचा पेशंट, हे चुकीचंच आहे पण असं होतं.

कोकणकडा: आमच्या ह्यांचंही असंच होतं. मी एक साधी वही केली, रोज रात्री झोप, दुखणं, भूक, मळमळ, थकवा प्रत्येकाला ० ते १० मधला आकडा, पण लिहायचा त्यांनी स्वतः, मी नाही. तोंडाने न बोलणारा माणूस आकडा खरा लिहितो. ओपीडीत वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवायची, वाद नाही की डोळे वटारणं नाही.

रेसिडेंट_ऑन्को: वहीला अनुमोदन. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमध्ये एथन बाश यांनी ७६६ पेशंटवर ट्रायल केली होती, सगळे पसरलेल्या कॅन्सरचे. एका गटाने १२ लक्षणं स्वतः कॉम्प्युटरवर भरायची, काही बिघडलं की नर्सला ईमेल. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं, डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायचं. २०१७ साली निकाल आला, स्वतः नोंद करणाऱ्यांचं मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ३१.२ महिने, दुसऱ्यांचं २६. आणि त्या गटाची केमो जास्त काळ चालली! हे काकांना नक्की सांगा, त्यांची भीती नेमकी उलटी आहे. मुंग्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे येतात, ते कमी केलं किंवा थांबवलं तरी गोळ्या चालू ठेवता येतात, ट्रीटमेंट संपली असं होत नाही. उलट लपवत राहिले तर बधिरपणा कायमचा राहू शकतो, औषध थांबल्यावरही काही महिने वाढतो कधीकधी.

निशिगंध: ३१ आणि २६ चं ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले वही आण. गुपचूप भेटत नाही आता, पुढच्या ओपीडीत त्यांच्यासमोरच बोलू.

डेकेअरसिस्टर: छान. आत जायच्या आधी सिस्टरला सांगून बटणांची नोंद केस पेपरवर करून घ्या, डॉक्टर तो वाचूनच सुरुवात करतात. फक्त ताप १००.४ च्या वर गेला तर वहीत लिहून ओपीडीची वाट बघायची नाही, रात्र असो की रविवार, सरळ कॅज्युअल्टीत या आणि दारातच सांगा की केमो चालू आहे.