डच निसर्गचित्रांतली प्रतीकं खरी की आपणच चिकटवलेली?

रानवाट:
याकोब फान राउसडालचं 'ज्यू दफनभूमी' बघतोय, १६५० च्या दशकातलं. पडकी भिंत, वठलेलं झाड, थडगी, वाहतं पाणी आणि मागे काळ्या ढगांत इंद्रधनुष्य. बघून जीव कासावीस होतो, पण सगळे म्हणतात मृत्यू आणि आशा, तर हे चित्रकाराच्या डोक्यात होतं की आपण नंतर ठरवलं? त्याने तर काही लिहून ठेवलेलं नाही.

मातीचा_रंग:
या चित्रात तरी मुद्दाम आहे असं माझं ठाम मत. थडगी खरी आहेत, अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आउडरकर्कच्या पोर्तुगीज ज्यू दफनभूमीतली, त्याने जागेवर जाऊन रेखाटलेली. पण तिथे ना भग्न इमारत ना असला खळाळता ओढा, सगळा सपाट प्रदेश. हे चित्र त्याने दोनदा काढलंय. डेट्रॉइटच्या प्रतीतले अवशेष एग्मंडच्या मठाचे, म्हणजे पार वेगळ्या गावातले. दुसरी प्रत ड्रेस्डेनला आहे, तिच्यातलं भग्न बांधकाम वेगळं, आणि थडगी मात्र दोन्हीकडे तीच. आता कुठकुठनं वस्तू गोळा करून एकाच चौकटीत मांडणारा माणूस नुसता देखावा काढत नसतो ना.

निळाई:
मान्य, पण म्हणून प्रत्येक ढगात मृत्यू शोधू नका प्लीज. त्याचंच हारलेमचं चित्र बघा, हेगच्या मॉरित्सहाउसमधलं. खाली शेतात लिननचं कापड ब्लीच करायला उन्हात पसरलंय, माणसं कामात आहेत, लांब सेंट बावोचं चर्च. हा त्या शहराचा नावाजलेला धंदा होता, मला त्यात चित्रकाराचा स्वतःच्या गावाबद्दलचा अभिमान दिसतो. आणि अर्ध्याहून जास्त कॅनव्हास नुसतं आभाळ! ढगांतून ऊन नेमकं त्या पांढऱ्या पट्ट्यांवर पडतं तिथे मला भरून येतं, त्यासाठी कुठलं प्रतीक माहीत असावं लागत नाही.

मातीचा_रंग:
@निळाई ऊन कुठे पाडायचं हेही त्यानेच ठरवलं की. बाकी हारलेमबद्दल पटलं, तिथे मीही प्रतीक शोधणार नाही. त्याच्या पवनचक्कीच्या चित्राचं मात्र कोडं आहे, वाइक बाय डुर्स्टेड गावातली चक्की, चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं. वारा नसेल तर चक्की थांबते तसा देवाच्या कृपेविना माणूस, असा अर्थ त्या काळच्या बोधचित्रांत (चित्र आणि सोबत उपदेश अशा छापील पुस्तकांत) आहे, पण हॉलंडमध्ये चक्क्या जिथेतिथे होत्या, तेव्हा चक्की दिसली की देव आठवायचाच असं थोडंच आहे.

रानवाट:
दोघांचे आभार! थडगी खरी आणि बाकी जुळवलेलं हे माहीतच नव्हतं. आता दोन्ही प्रतींचे फोटो शेजारी ठेवून बघतो. कुणी ड्रेस्डेनची प्रत समोर उभं राहून पाहिलीये का?