बीटाफ्लाइट ४.३ वरून ४.५.१: जीपीएस टॅब गायब, मोटर गरम

पाचइंची_पुणे:
सेटअप: ५ इंची क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन), एफ७२२ फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन सांभाळणारा मुख्य बोर्ड), ब्लूजे फर्मवेअर टाकलेला ४-इन-१ ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा बोर्ड), ईएलआरएस रेडिओ रिसीव्हर, एम१० जीपीएस (कंपास नाही). जीपीएस रेस्क्यूसाठी (सिग्नल गेला की क्वाडने आपोआप घरी परतणं) बोर्डवरचं बीटाफ्लाइट फर्मवेअर ४.३ वरून ४.५.१ फ्लॅश केलं, फुल चिप इरेझ (जुनी सेटिंगं पुसणं) चालू ठेवून. मग जुना 'डिफ ऑल' (बदललेल्या सेटिंगांची यादी) जसाच्या तसा सीएलआयमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पेस्ट केला. लाल अक्षरांत काही एरर आले. व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समीटर) टेबल रिकामं दिसतंय, म्हणजे सेव्ह झालेलं नसावं. पोर्ट आणि मोड हाताने भरून उडवलं. उडतंय, पण दोन मिनिटांच्या होव्हरनंतर मोटरला बोट लावता येत नाही आणि कॉन्फिगरेटरमध्ये (सेटिंग करायचं अ‍ॅप) जीपीएसचा टॅबच नाही. परत ४.३ वर जावं का? आणि ईझीलँडिंगचं (उतरताना उसळी कमी करणारी सेटिंग) बरंच ऐकतोय, लावण्यासारखं आहे का?

सोल्डरवाला:
परत जायची गरज नाही. तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे: फ्लॅश करताना जीपीएसवर टिक केलेली नाही.

४.४ पासून क्लाउड बिल्ड आलं. एफ७२२ ची फ्लॅश मेमरी ५१२ केबी, त्यात सगळी फीचर्स मावत नाहीत. म्हणून तुम्ही जे निवडाल तेवढंच घालून सर्व्हर फर्मवेअर बनवून देतो. जे निवडलं नाही ते लपलेलं नसतं, फर्मवेअरमध्ये नसतंच. त्यामुळे टॅब नाही. जुन्या डिफमधल्या जीपीएसच्या ओळी फर्मवेअरला कळल्या नाहीत, त्यांचे एरर आले. डिफ 'बॅच स्टार्ट'ने सुरू होतो, आणि बॅचमध्ये एक जरी एरर आला तरी शेवटचं 'सेव्ह' नाकारलं जातं. म्हणून व्हीटीएक्स टेबल रिकामं. बायडायरेक्शनल डीशॉटही (ईएससीकडून मोटरचा वेग परत कळवणारी सेटिंग) त्यातच राहिलं, म्हणजे त्या वेगावर चालणारा आरपीएम फिल्टर बंद, म्हणजे मोटरचा नॉइज थेट डी-टर्मपर्यंत (तोल सावरणाऱ्या पीआयडी गणिताचा एक भाग) आणि मोटर गरम.

आता असं करा:

१. बोर्डचं नेमकं नाव सीएलआयच्या 'व्हर्जन' कमांडमधून घ्या, अंदाजाने निवडू नका. फ्लॅशरमध्ये रेडिओ प्रोटोकॉल सीआरएसएफ (ईएलआरएस हाच वापरतो), मोटर प्रोटोकॉल डीशॉट, ओएसडी (व्हिडिओवर दिसणारे आकडे) तुमच्या व्हिडिओप्रमाणे अ‍ॅनालॉग किंवा एचडी, आणि इतर पर्यायांत जीपीएस व व्हीटीएक्स. कॉन्फिगरेटर १०.१० चालेल.
२. फुल चिप इरेझ चालू ठेवा. विंडोजला डीएफयू (फ्लॅश करायच्या अवस्थेतला बोर्ड) सापडलं नाही तर झॅडिग या प्रोग्रॅमने ड्रायव्हर बदला.
३. जुना डिफ अख्खा टाकू नका. त्यातल्या सिरियल (पोर्ट), ऑक्स (मोडचे स्विच), व्हीटीएक्स टेबल आणि ओएसडीच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढा. पीआयडी, फिल्टर आणि जीपीएस रेस्क्यूच्या ओळी टाकून द्या. दोन आवृत्त्यांमध्ये काही सेटिंगांची नावं बदललीत, काहींचे डिफॉल्ट.
४. सपाट जागी अ‍ॅक्सेलरोमीटर कॅलिब्रेट करा. इरेझनंतर हे राहून जातं, आणि रेस्क्यू त्याच्यावरच विसंबून असतो.
५. मोटर टॅबमध्ये बायडायरेक्शनल डीशॉट चालू, मोटर पोल (मोटरमधल्या चुंबकांची संख्या) १४ (२२०७ सारख्या मोटरला). प्रॉप (पंखे) काढून, बॅटरी लावून मोटर फिरवा. चारही मोटरसमोरचा एररचा आकडा १ टक्क्याच्या आत हवा.

प्रॉप्स-आउट (पंखे नेहमीच्या उलट दिशेने फिरणारी मांडणी) असेल तर मोटर दिशा उलटी असल्याचं बटणही पुन्हा लावावं लागतं. ते विसरलं की टेकऑफलाच क्वाड गरागरा फिरतं.

वारा_आणि_बारो:
वरचं सगळं बरोबर. रेस्क्यूबद्दल मात्र सावध. बरेच जण 'रिटर्न अल्टिट्यूड ३०' बघून निर्धास्त होतात. डिफॉल्ट मोड 'मॅक्सिमम अल्टिट्यूड' आहे: त्या उड्डाणात गाठलेली सर्वांत जास्त उंची, अधिक १० मीटर चढ. ३० चा आकडा 'फिक्स्ड' मोडमध्येच लागू होतो. म्हणजे ११५ मीटरवर जाऊन आलात आणि नंतर सिग्नल गेला, तर क्वाड १२५ कडे निघेल. ग्रीन झोनची (भारतीय नियमांत ड्रोनला मोकळा असलेला भाग) मर्यादा १२० मीटर, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६०. मोकळ्या माळावर 'फिक्स्ड' लावून झाडं आणि हाय-टेन्शनच्या तारांपेक्षा २० मीटर वर ठेवा.

दुसरं, होव्हर थ्रॉटल. डिफॉल्ट १२७५, म्हणजे साधारण २७ टक्के. तुमचा क्वाड अर्ध्या बॅटरीवर किती टक्क्यांना स्थिर राहतो ते ओएसडीवर बघा; २२ असेल तर १२२० भरा. हा आकडा फार जास्त असेल तर रेस्क्यू लागताच क्वाड वर उसळतो, कमी असेल तर आधी बसतो. बोर्डवर बारो (हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर) असेल तर त्याच्यावर स्पंजचा छोटा तुकडा ठेवा, प्रॉपच्या हवेने उंची नाचत नाही.

कंपास नाही हे बरंच. पॉवरच्या वायरीजवळचा चुकीचा कंपास नसलेल्यापेक्षा वाईट. कंपासशिवाय दिशा जीपीएसच्या हालचालीवरून ठरते, म्हणून चाचणीआधी सरळ रेषेत थोडं वेगाने पुढे उडवा.

चाचणी स्विचवर करा, ट्रान्समीटर बंद करून नाही. किमान ८ सॅटेलाइट मिळाल्यावरच आर्म (मोटर चालू) करा. होम पॉइंट आर्म करताना ठरतो. ५०-६० मीटर लांब जा, स्विच टाका, घराकडे नाक वळलं की स्विच काढून ताबा घ्या. खऱ्या फेलसेफमध्ये (रेडिओ सिग्नल तुटल्यावर) सिग्नल परत आला तरी ताबा आपोआप मिळत नाही, पिच किंवा रोलची स्टिक ३० टक्क्यांपेक्षा जास्त हलवावी लागते. हे माहीत नसलं की माणूस घाबरून डिसआर्म करतो.

थ्रॉटलशून्य:
ईझीलँडिंगबद्दल. एअरमोड (शून्य थ्रॉटललाही तोल सावरत राहणं) चालू असताना क्वाड जमिनीला टेकला की पीआयडी तोल सावरायला मोटर वाढवतं, आणि क्वाड चेंडूसारखा उसळतो. मिक्सर (कोणत्या मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारा भाग) टाइप 'ईझीलँडिंग' केला की थ्रॉटल शून्याजवळ आणि स्टिक मध्यावर असताना ही वाढ मर्यादित होते. काँक्रीटवर उतरणाऱ्यांना सोय आहे. पण उंचावरून शून्य थ्रॉटलवर डाइव्ह मारणाऱ्यांनी लावू नये, तेव्हाच ताबा ढिला पडतो. फ्रीस्टाइल करत असाल तर माझं मत: उतरताना दोन सेंटीमीटरवर डिसआर्म करायची सवय लावा, मिक्सरला हात लावू नका.

पाचइंची_पुणे:
जीपीएस टिक करून पुन्हा फ्लॅश केलं, टॅब आला. एरर चारही मोटरना ० ते ०.२. मोटर आता कोमट. अल्टिट्यूड होल्डचा (उंची आपोआप धरून ठेवणं) पर्याय मात्र मोड टॅबमध्ये नाही. तोही टिक करायचा राहिला का?

सोल्डरवाला:
नाही, ४.५ मध्ये तो नाहीच. अल्टिट्यूड होल्ड आणि पोझिशन होल्ड पुढच्या २०२५.१२ मालिकेत आहेत, आणि तिथेही बिल्ड करताना ते निवडावे लागतात. आधी ४.५ वर रेस्क्यू नीट बसवा. आजचा 'डिफ ऑल' बोर्डचं नाव आणि आवृत्ती लिहून जपून ठेवा, आणि निवडलेल्या बिल्ड पर्यायांचा स्क्रीनशॉटही काढा.