उ: सेन्सर बदलण्याआधी जागा बदलून बघा

तुमच्या घरगुती हवामान यंत्राचा बाहेरचा बिनतारी तापमान सेन्सर दुपारी पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेपेक्षा पाच-सहा अंश जास्त दाखवतो, म्हणून तो परत करायचं म्हणताय. थांबा जरा! पश्चिमेच्या गॅलरीत ग्रिलला टांगलाय ना? तिथे ऊन थेट डबीवर पडतं, भिंतही रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. आकडा फुगणारच.

वेधशाळेत तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. पेटीचं दारसुद्धा उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर आत ऊन येत नाही. घरी एवढं कोण करतंय? पण उत्तरेची बाजू, भिंतीपासून वीतभर अंतर आणि वर उलट्या लावलेल्या दोन-तीन पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या, मध्ये फटी ठेवून, एवढं जमतं. एसीच्या आउटडोअर युनिटजवळ मात्र अजिबात नको.

सेन्सर आणि घरातल्या डिस्प्लेमधली रेंज तुटते म्हणणाऱ्यांसाठी: खोक्यावरचे शंभर मीटर मोकळ्या मैदानातले असतात. मध्ये आरसीसीचा स्लॅब किंवा लोखंडी कपाट आलं की संपलं. डिस्प्ले खिडकीपाशी सरकवा. सेल अल्कलाइनच घाला, रिचार्जेबल १.२ व्होल्टचे, त्यावर काही सेन्सर लवकर मान टाकतात.