मदत हवी: फोर बाय फोर टाकलं की एटीव्ही वळायलाच तयार नाही

पीलबाग:

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची नऊ एकर केळी आहे. बाग कमरेच्या वर गेली की ट्रॅक्टर आत घालता येत नाही, म्हणून मागच्या दिवाळीत एका पार्कातून निघालेली जुनी एटीव्ही, म्हणजे हॅंडलवर चालणारी कच्च्या रस्त्याची चारचाकी, घेतली. साडेचारशे सीसी, गिअर बदलायची भानगड नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. ओळीत सहा फूट अंतर, गाडी चार फुटांची. खताच्या गोण्या, फवारणीची टाकी, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, सगळं तीच वाहते. गावात अजून "पोरांचं खेळणं" म्हणतात. म्हणोत.

त्रास हॅंडलचा आहे. पावसात काळ्या मातीत मागची चाकं जागेवरच फिरतात, म्हणून फोर बाय फोरचं, म्हणजे चारही चाकांना जोर देणारं, बटण दाबतो. गाडी गाऱ्यातून निघते खरी, पण ओळीच्या टोकाला हॅंडल पूर्ण वळवलं तरी सरळच जाते. परवा हॅंडल उजवीकडे आणि गाडी समोरच्या झाडात. निसवलेलं झाड, घड कापणीला महिनाभर राहिला होता. झालं आडवं. वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसरं म्हणजे, शेतातून घरी येताना शेवटचा अर्धा किलोमीटर काँक्रीटचा शिवरस्ता आहे. तिथे फोर बाय फोर काढायचं विसरलो तर हॅंडल इतकं जड होतं की खांदे भरून येतात. वळताना पुढची चाकं चर्र करून उडी मारल्यासारखी सुटतात. मग बटण बंद केलं तरी फोर बाय फोर सुटत नाही. हात-दोन हात मागे घेतली की खालून 'टक' असा आवाज येतो आणि हॅंडल एकदम हलकं. हे काय प्रकरण आहे?

शिवाय टू व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालवतानासुद्धा तिशीच्या वर गाडी डावीकडे ओढते आणि सरळ चालताना हॅंडल बोटभर वाकडं दिसतं.

उन्हाळ्यात पुढचे दोन्ही टायर बदलले. २५ इंची मिळाले नाहीत, म्हणून २६ इंची घातले. मागचे जुनेच २५ चे. गॅरेजवाला म्हणतो, पॉवर स्टिअरिंगचं किट बसवा, सगळं ठीक होईल. आकडा ऐकून गप्प बसलो. बसवावं का?

तापीकाठ:

किट राहू द्या हो भाऊ, आधी हवा किती आहे ते सांगा. एटीव्हीच्या टायरला मोटरसायकलसारखी हवा नसते, बहुतेक गाड्यांना ५ ते ७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. पंक्चरवाल्याचं मीटर दहाच्या खाली धड दाखवतच नाही, तो हाताने दाबून "झालं" म्हणतो. एका बाजूला कमी, दुसरीकडे जास्त असली की गाडी कमी हवेकडे ओढणारच. ० ते १० चं वेगळं मीटर मिळतं, ते घ्या. सकाळी टायर थंड असताना मोजा.

धुळ्याचा मिस्त्री:

तो 'टक' म्हणजे बिघाड नाही. वळताना पुढची चाकं मोठ्या घेराने जातात, मागची आतून कापतात, म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर पडतं. फोर बाय फोर लागलं की पुढचं-मागचं एकमेकांना बांधलेलं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. काँक्रीटवर घसरायला जागाच नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. त्या पिळाने आतले दात एकमेकांवर दाबून बसतात, बटण बंद केलं तरी सुटत नाहीत. गाडी मागे घेतली की पीळ उलगडतो. काँक्रीट लागायच्या आधीच बटण काढत जा.

पण पुढे २६ आणि मागे २५, हे मात्र गाडीवर अन्याय आहे. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मुद्दाम १ ते ५ टक्के जास्त धावतील अशी ठेवतात, तिथे गिअरच तसा हिशोब धरून बनवलेला असतो. तुमच्या गाडीत चारही टायर एका मापाचे धरलेत. त्यात मागचे झिजलेले असतील, म्हणजे फरक अजून वाढला. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, स्वतः सीटवर बसा, गाडी एक फेरा ढकलायला सांगा आणि अंतर मोजा. पुढचं वेगळं, मागचं वेगळं.

हॅंडल वाकडं दिसतं म्हणता, तर डावा टायरॉड, म्हणजे हॅंडलकडून चाकाला वळवणारा दांडा, बघा. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर टेपने घ्या, आधी चाकांच्या पुढच्या कडेला, मग मागच्या कडेला. दोन्ही जवळपास सारखं यायला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत पुढे थोडं जास्त ठेवतात, पण सेंटीमीटरच्या आत. चाक जॅकवर उचलून हलवूनही बघा. कटकट वाजलं तर बॉल जॉइंट नाहीतर बेरिंग. हे सगळं तसंच ठेवून किट बसवलं तर फक्त तुमच्या हाताला कळायचं बंद होईल.

सातपुडा स्वार:

मी पाल गावाकडच्या चढांवर चालवतो. एक विचारतो, फवारणीची टाकी कुठे बांधता?

पीलबाग:

मागच्या रॅकवर. शंभर लिटरची.

सातपुडा स्वार:

मग झाडाचा काय दोष! मागे शंभर किलो पाणी, पुढचं तोंड वर. हॅंडल कितीही वळवा, चाक मातीला टेकतंय कुठे? रॅकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. अर्धवट भरलेली टाकी तर अजून वाईट, वळताना पाणी डचमळून उलट्या बाजूला ढकलतं.

आणि अशा पुष्कळ गाड्यांच्या मागच्या एक्सलला डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतं. दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि गाडीला सरळ ढकलतात. म्हणून मोटरसायकलसारखं नुसतं हॅंडल वळवून भागत नाही. वळणाआधी गॅस सोडा, सीटवर पुढे सरका, अंग आतल्या बाजूला टाका आणि भार बाहेरच्या पायावर द्या. आतलं मागचं चाक हलकं झालं की गाडी फिरते. बांधाच्या उतारावर आडवी मात्र नेऊ नका, तिथे हीच गाडी अंगावर येते.

पीलबाग:

रविवारी सगळं मोजलं. हवा पुढे डावीकडे ४, उजवीकडे ११! स्टिकरवर चारही चाकांना ५ लिहिलंय. आधी ती सारखी केली, मग खडू. एका फेऱ्यात पुढचं चाक २०१ सेंटीमीटर जातं, मागचं १९०. म्हणजे शंभर मीटरला मागची चाकं जवळपास तीन फेरे जास्त मारून राहिली. हॅंडल जड होणार नाही तर काय.

पुढच्या चाकांमधलं अंतर पुढून ८१.२, मागून ७८.४. डावा टायरॉड मधोमध वाकलाय. मे महिन्यात बांधावरच्या दगडाला ठोकली होती, ते आत्ता आठवलं. नवीन घातला, फरक अर्ध्या सेंटीमीटरवर आणला. हॅंडल सरळ झालं, ओढणंही थांबलं. किट रद्द.

टायर २५ चेच शोधतोय, चारही नवीन घेतो. तोवर फोर बाय फोर फक्त गाऱ्यात. टाकीत आता चाळीस लिटरच भरतो, फेऱ्या वाढल्या, पण गाडी टोकाला वळते. काल वडिलांनी स्वतः चालवून बघितली. दोन ओळी फिरून आले, खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "पुढंबी रॅक हाये ना? मग निम्मं वझं तिथं बांध की."