सिनेमाची फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यात: हौस ठीक, पण धुणार कोण?

छत्तिसावी_फ्रेम
कोडॅकची व्हिजन-३ ५००टी ही सिनेमाची रंगीत निगेटिव्ह फिल्म पहिल्यांदाच फोटोच्या कॅमेऱ्यात वापरली आणि आता दुसरं काही नकोसं झालंय. ओल्या रस्त्यावरचे दिवे, खिडकीतला बल्बचा उजेड, सगळं डोळ्यांना दिसलं तसं उतरलं. ४०० फुटी रीळ अंधारात कापून डब्यांत भरलं, तर छत्तीस फोटोंचे सत्तरेक रोल निघतात. तरी लोक या फिल्मच्या नावानं बोटं का मोडतात?

अंधारखोली
कारण ती बोटं काळी होतात! पाठीमागे रेमजेट असतो, काजळीचा थर. कॅमेऱ्यातून वेगानं धावताना स्थिर विजेच्या ठिणग्या पडू नयेत, चरे पडू नयेत आणि उजेड मागून परतू नये म्हणून दिलेला. न सांगता असा रोल नेहमीच्या सी-४१ लॅबमध्ये (सी-४१ म्हणजे फोटोची रंगीत निगेटिव्ह धुण्याची रूढ प्रक्रिया) दिलात, तर काजळी मशीनभर पसरते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोंवर बसते. एकाची हौस, दुसऱ्याला भुर्दंड.

छत्तिसावी_फ्रेम
लॅबला कुठे दिला? घरीच धुतला. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, टाकी जोरात हलवली, ओतलं तर दौत सांडल्यासारखं पाणी. दोनदा केलं. तरी वाळल्यावर चकचकीत बाजूला ठिपके होतेच, ते ओल्या स्पंजनं पुसले.

रीळवेडा
सिनेमाची फिल्म म्हणजे जणू परकी, असं काय लावलंय? ऑस्कर बारनाकनं पहिला लायका कॅमेरा बनवला तोच सिनेमाच्या फिल्मवर. सिनेमाची १८×२४ मिमीची चौकट दुप्पट केली, तीच आपली २४×३६.

अंधारखोली
आजोबा एक असले म्हणून भावकीत पटतंच असं नाही. ही निगेटिव्ह मुद्दाम मवाळ कॉन्ट्रास्टची केलेली असते, पुढे प्रिंट फिल्मवर उतरवायला किंवा संगणकावर रंग बसवायला. तिची प्रक्रिया ईसीएन-२, डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, सीडी-३. सी-४१ मधला सीडी-४ वेगळा. त्यात धुतली की कॉन्ट्रास्ट चढतो, सावल्यांचा रंग एकीकडे आणि उजेडाचा दुसरीकडे जातो. मग तोच बिघाड ‘सिनेमॅटिक’ म्हणून मिरवायचा. आणि ती दिव्यांभोवतीची लाल वलयं! रेमजेट आधीच काढून विकलेल्या फिल्मवर दिव्यांचा उजेड मागून परततो आणि सगळ्यात खालच्या, लाल रंग टिपणाऱ्या थराला लागतो. सिनेमात पाहिलीत कधी अशी वलयं?

नवी_सावली
मला ती वलयं आवडतात. आता बोला.

रीळवेडा
काजळीचं रडगाणंही जुनं होत चाललंय. २०२५ मध्ये कोडॅकनं व्हिजन-३ रेमजेटशिवाय आणायला सुरुवात केली. उजेड अडवणारा थर आता इमल्शनखाली, म्हणजे चित्र टिपणाऱ्या थरांखाली असतो आणि धुतानाच निघून जातो.

अंधारखोली
हे चांगलं झालं, मान्य. पण मशीन वाचलं म्हणून रंग सुधारत नाहीत, रसायन ईसीएन-२चंच लागणार. आणि जुनी रिळं लोकांच्या फ्रीजमध्ये पडून आहेत, ती लॅबच्या काउंटरवर येणारच.

नवी_सावली
मी एकही रीळ कापलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

अंधारखोली
कोडॅकची डबल-एक्स. सिनेमाचीच, पण कृष्णधवल, रेमजेट नाही, डी-७६ या नेहमीच्या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये निमूट धुतली जाते. रंगीत हवीच असेल तर दिवसा ५००टी घेऊन निघू नका. ती ३२०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर दिव्यांसाठी आहे, उन्हात ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर न लावता वापरलीत तर सगळं निळं. दिवसाच्या उजेडासाठीची २५०डी घ्या.

छत्तिसावी_फ्रेम
म्हणजे वापरा, असंच म्हणताय की काका!

अंधारखोली
वापरा. डबीवर ‘ईसीएन-२’ ठळक लिहा, एवढंच.