पुणे सोडून पाचगणी किंवा महाबळेश्वरला राहायला जायचं आहे: घर, पावसाळा, वीज, कागदपत्रं याबद्दल माहिती हवी

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. आम्ही घरात चौघं. नवरा-बायको दोघांचंही काम लॅपटॉपवर, आठवड्यातून एकदा हिंजवडीला हजेरी लावावी लागते. मुलगी चौथीत आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना दमा आहे. पुढच्या वर्षी भाड्याने राहायचं आणि जमलं तर नंतर जागा घ्यायची, असा विचार आहे.

दोन घरं समोर आहेत. एक महाबळेश्वरच्या बाजारपेठेजवळचा स्लॅबचा बंगला, दुसरं पाचगणीहून भिलारकडे जाताना लागणारं कौलारू घर. भाडं साधारण सारखंच. दोन्ही मे महिन्यात पाहिली आणि दोन्ही आवडली. निवड कशी करावी? पावसाळ्यात काय काय अडचणी येतात आणि त्यासाठी आधीच काय तयारी करावी? "तिकडे खूप पाऊस असतो" एवढं माहीत आहे, त्यापुढचं सांगा.

---

जांभादगड

मे महिन्यात पाहिलेल्या घरावरून काहीच ठरवू नका. तीच दोन्ही घरं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा पाहा.

महाबळेश्वर आणि पाचगणी यांत अंतर जेमतेम १९ किलोमीटर, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. महाबळेश्वर सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. समुद्रावरून आलेले ढग तिथे वर चढतात आणि रिकामे होतात. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पूर्वेला सरकत गेलं की तो झपाट्याने उतरतो. पाचगणीत महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश, आणि घाट उतरून वाईला आलात की आणखी बराच कमी. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एकाच दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. पुण्यात शहरात अख्ख्या पावसाळ्यात पडतो, जवळजवळ तेवढा. घरात दम्याचं माणूस असताना मी तरी पाचगणीच्या बाजूचंच घर घेईन, आणि तेही भिलारपेक्षा पूर्वेला मिळालं तर उत्तम.

आता घर कसं पाहायचं. तिथला पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्यामुळे छपराइतकीच नैर्ऋत्य आणि पश्चिमेची भिंत महत्त्वाची. जुन्या बंगल्यांना पावसाआधी बाहेरून गवताचे पडदे बांधत, हल्ली पत्रे किंवा ताडपत्री लावतात. घरमालकाला थेट विचारा की ही भिंत पावसाळ्यात झाकता का, कशाने, आणि तो खर्च कोणाचा. "गरज नाही पडत" असं उत्तर आलं तर त्या भिंतीला आतून हात लावून पाहा. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतच नवा रंग दिसला, तर खाली पोपडे होते म्हणून समजा. बोटाच्या पेराने गिलावा ठोकत जा, पोकळ आवाज आला की तिथे ओल शिरलेली आहे. भिंतीतल्या कपाटाच्या मागच्या बाजूचा वास घ्या. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेत का पाहा. स्विचबोर्डाचं एखादं झाकण उघडायला सांगा, आत तांब्याच्या तारेवर हिरवट थर असेल तर त्या बोर्डात दर पावसाळ्यात पाणी जातं.

नुसता सपाट स्लॅब त्या पावसात गळतोच. स्लॅबवर उतरतं पत्र्याचं छप्पर घातलेलं असेल तरच तो बंगला विचारात घ्या. कौलारू घर चांगलं, पण कौलांखाली फळ्या किंवा पत्रा आहे का ते बघा. नुसत्या रिपांवर कौलं असतील तर वाऱ्याने तुषार आत येतात आणि धुकं सरळ खोलीत उतरतं. वळचण भिंतीपासून दोन-अडीच फूट तरी पुढे हवी. घर डोंगरउतारावर असेल तर वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आहे का, आणि तो पाचोळ्याने बुजलाय का, हे पाहायला विसरू नका. चर बुजला की पाणी जोत्याखालून येतं आणि फरशीच्या सांध्यांतून वर झिरपतं. ती ओल कोणत्याही रंगाने थांबत नाही.

दमटपणा हा तर वेगळाच विषय. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर असते. खिडकी उघडली की ढग आत. म्हणून "हवा खेळती ठेवा" हा पुण्यातला सल्ला तिथे पावसाळ्यात उलटा पडतो. खोल्या बंद ठेवायच्या आणि आतली हवा यंत्राने कोरडी करायची. डीह्युमिडिफायर घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. "दिवसाला २० लिटर" हे माप बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचं असतं. तुमच्या खोलीत पावसाळ्यात १९-२० अंश असतील, तिथे तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी काढेल. दोन झोपायच्या खोल्यांना दोन वेगळी यंत्रं घ्या, एकच मोठं यंत्र बैठकीत ठेवून भागत नाही. टाकी सारखी ओतत बसायला लागू नये म्हणून नळी लावून पाणी न्हाणीघरात सोडा. आर्द्रतामापक तीन-चारशे रुपयांत मिळतो, काटा ६० च्या आत राहिला पाहिजे. ७० च्या वर काही दिवस राहिला की चामडं, पुस्तकं, गाद्या, कॅमेऱ्याची भिंगं, सगळ्यावर बुरशी धरते.

पुण्यातलं मॉड्युलर फर्निचर नेऊ नका. पार्टिकल बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात कडांनी फुगतो आणि बिजागऱ्या निखळतात. प्लायवूड हवंच असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे. आणि मूळ कागदपत्रं, दागिने, जुने फोटो पुण्यातच लॉकरमध्ये राहू द्या.

---

तारतंत्री

विजेचं सांगतो, तुमची नोकरी त्यावर आहे.

झाडं तारांवर पडतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर वीज जाते ती पंधरा मिनिटांसाठी नाही, कधी अख्खा दिवस. १५० एएचची १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचं पथ्य धरलं तर हाती ११०० च्या आसपास येतात. दोन लॅपटॉप १२० वॅट, राउटर आणि फायबरचा डबा २० वॅट, दोन-तीन एलईडी दिवे २५ वॅट, एकूण १६५. म्हणजे साडेसहा तास. कामाचा दिवस काढायचा तर दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या. फ्रिज आणि डीह्युमिडिफायर त्यावर टाकू नका, एकटा डीह्युमिडिफायरच तीनशेच्या घरात वॅट खातो. सोलर पॅनलचा भरवसा पावसाळ्यात धरू नका, ढगात उत्पादन नाममात्र होतं. नोव्हेंबर ते मे मात्र सोलर बंब छान चालतो.

अर्थिंगकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. खाली जांभा आणि कातळ, त्यामुळे पुण्याच्या काळ्या मातीत चालतो तसा एक खड्डा तिथे पुरत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवं. जास्त आलं तर दुसरा इलेक्ट्रोड घालून दोन्ही जोडायचे. हे मोजमाप एप्रिल-मेमध्येच करा, कारण पावसात माती ओली असताना आकडा फसवा चांगला येतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या कोरड्या जमिनीवर कडाडतात. मुख्य बोर्डात टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (तारेतून अचानक येणारा जास्तीचा दाब अडवणारा) बसवा. तो उडाला की त्याच्यावरची छोटी खिडकी लाल होते, तेव्हा आतला भाग बदलायचा. अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टर बसवूनही उपयोग शून्य.

इंटरनेटसाठी फायबर घ्याच, पण तोही त्याच झाडांखालून खांबांवरून येतो. वीज गेली की फायबरही तुटलेला असण्याची शक्यता बरीच. म्हणून दुसरी सोय मोबाईलची, आणि ती दुसऱ्या कंपनीची. घर ठरवण्याआधी प्रत्येक खोलीत दोन-तीन कंपन्यांची सिमं टाकून वेग तपासा. डोंगराच्या एका अंगाला पूर्ण रेंज आणि परसात शून्य असं तिथे सर्रास असतं. परिसरातली वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही संपते, तेव्हा महत्त्वाच्या मीटिंगा असलेल्या दिवशी वाईला उतरून बसायची एखादी जागा हेरून ठेवा.

---

फेरफार

भाड्याचं आधी. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. त्या भागात एक अट मुद्दाम वाचायची: दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मेमध्ये घर पर्यटकांना द्यायचं म्हणून मालक तेवढ्यापुरतं रिकामं मागतात का. तोंडी "तेव्हा बघू" म्हणाले तर तो नकारच समजा. पूर्ण अकरा महिने सलग ताबा, ही ओळ करारात हवी. पाण्याचंही लिहून घ्या. दोन्ही गावांना पाणी वेण्णा तलावाचं, आणि मे महिन्यात पर्यटक वाढतात तेव्हाच ते कमी होतं. चौघांना दिवसाला साधारण ५०० लिटर धरा, टाकी किमान २५०० ची हवी. टँकरचा खर्च कोणाचा तेही करारात यावं.

जागा घेण्याची घाई करू नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, झाडतोड, उतार कापणं, सगळ्यावर बंधनं आहेत. एजंट "एनए (बिगरशेती) होऊन जाईल" म्हणतो, त्या वाक्यावर एक रुपयाही टोकन देऊ नका. एनए आदेश आधी, पैसे नंतर.

शेतजमीन असेल तर तुमच्यापैकी कुणी शेतकरी आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेताच येत नाही. सातबाऱ्यावर नुसतं नाव आणि क्षेत्र बघू नका. भोगवटादार वर्ग २ असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. "इतर हक्क" या रकान्यात वन, कूळ, बोजा काही आहे का पाहा, आणि तिथे दिसणाऱ्या प्रत्येक फेरफार क्रमांकाचा उतारा काढा. मागच्या तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. मोजणी भूमी अभिलेख खात्याची, खाजगी नव्हे. महाबळेश्वरमधले बरेच जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेवर आहेत, तिथे घर मालकाचं असलं तरी जमीन त्याची नाही. पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरणाचा आदेश मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच बंद.

---

कर्वेनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. महाबळेश्वरचं घर बाद केलं. सासूबाईंच्या दम्याचं आणि हिंजवडीच्या फेऱ्यांचं कुणी सांगू शकेल का?

---

पसरणी_घाट

हिंजवडी धरून एकेरी साधारण १२० किलोमीटर, तीन तास. हजेरीचा वार निवडता येत असेल तर मंगळवार किंवा बुधवार घ्या. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार दुपार चढणारी आणि रविवारी दुपारनंतर उतरणारी गर्दी पसरणी घाटात (वाई-पाचगणी) आणि महामार्गावर खंबाटकी घाटाजवळ अडकते. लांब सुट्टीच्या शनिवार-रविवारी गावाबाहेर पडूच नका, किराणा गुरुवारी भरा.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी रोखून उतरवा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की पॅड तापून पकड जाते आणि शेवटच्या वळणांवर ब्रेक नुसता दबतो. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पावसाळ्यात या रस्त्याला ३ च्या खाली गेली की टायर बदला. धुक्यात लो बीम आणि फॉगलॅम्प. हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते.

सासूबाईंसाठी: १३०० मीटर उंचीवर प्राणवायूचा प्रश्न येत नाही, त्रास बुरशीचा आणि थंड ओलीचा. जाण्याआधी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडून लेखी योजना घ्या. कुठल्या लक्षणाला कुठलं औषध, किती वेळा, आणि कधी थेट दवाखाना. इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) यांना वीज लागत नाही, ते हाताशी हवेत. नेब्युलायझर इन्व्हर्टरवर आरामात चालतो. औषधांचा महिनाभराचा साठा जूनआधी घरात. पाचगणीत बेल-एअर रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी सातारा किंवा पुणे. हृदयविकाराच्या झटक्यात वेळेला किंमत असते, म्हणून "गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळात जवळ कुठे देतात" हे राहायला जायच्या आठवड्यातच जाऊन विचारा. दरड कोसळून पसरणी बंद झाला तर महाबळेश्वर-केळघर-मेढामार्गे साताऱ्याला उतरता येतं, पण ऐन मुसळधार पावसात त्या घाटावरही दरडी येतात. त्रास वाढतोय असं वाटलं की रात्र काढू नका, उजेड असताना खाली उतरा.

---

कर्वेनगरकर

शेवटचं. करार कधीपासून करावा? आणि सासूबाईंना कुठली खोली द्यावी?

---

जांभादगड

करार मेच्या मध्यापासून. शाळा जूनमध्ये सुरू होते, प्रवेशाचं मात्र जानेवारीपासूनच विचारायला लागा. पाचगणीतल्या बऱ्याच शाळा निवासी आहेत, रोज घरी येणाऱ्या मुलांना घेतात का हे प्रत्येकीला वेगळं विचारावं लागेल. अर्थिंगची मोजणी, पश्चिमेच्या भिंतीचं झाकण आणि चर साफ करणं, ही तिन्ही कामं पहिल्या वळवाच्या आत उरका. पुण्याचं घर सप्टेंबर संपेपर्यंत भाड्याने देऊ नका. पावसाळा सासूबाईंना झेपला नाही तर ऑगस्टमध्येच परत यायला जागा हवी.

खोली पूर्वेची किंवा ईशान्येची द्या, जिची एकही भिंत नैर्ऋत्येला नाही आणि जी न्हाणीघराला लागून नाही. गालिचा नको, जाड पडदे नकोत. पलंग भिंतीपासून फूटभर दूर, खाली पेट्या ठेवू नका. आर्द्रतामापक डीह्युमिडिफायरजवळ लटकवू नका, तिथे तो नेहमीच चांगला आकडा दाखवतो. समोरच्या कोपऱ्यात, उशीच्या उंचीवर ठेवा. ओले कपडे त्या खोलीत कधीही वाळत घालू नका, त्यासाठी एक छोटी खोली वेगळी काढून तिथे तिसरं यंत्र लावा.